काल कुणाकुणाशी बोललात

दोनशे बारा पानांचं एक पान करायचं होतं, आणि ते काही होत नव्हतं.

साताऱ्यात, राजवाड्याच्या मागच्या बोळात तहरीमची भाड्याची खोली होती. एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची घ्यावी असं तिच्या मनात येई, पण बसणार कोण म्हणून राहून जाई. त्या टेबलावर दोन वर्षांचं काम पडलं होतं. माण तालुक्यात पोरंबाळं मुंबईला गेलेल्या घरांत मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांचा अभ्यास. गावाचं नाव बाभुळटेक, बायका चौसष्ट, आणि मुळाशी प्रश्न एकच: काल दिवसभरात तुम्ही कुणाकुणाशी बोललात?

आता हे काम तीन ठिकाणी सांगायचं होतं. सांगलीला रेश्मा मॅडम होत्या, तिच्या मार्गदर्शक. त्यांना वीस पानांचा शोधनिबंध हवा होता, तक्त्यांसकट. साताऱ्याच्या कार्यालयात वीरधवल साहेब होते. दुपारच्या वेळी वस्त्यांवर फेरी मारून म्हाताऱ्यांची विचारपूस करणारी बाई कुठल्या गावांना द्यायची, हे त्यांच्या बैठकीत ठरणार होतं. त्यांना हवं होतं एक पान. आणि तिसरं बाभुळटेक. तिथं कुणी पान मागितलं नव्हतं. तिथं तिनं तोंडानं कबूल केलं होतं, की काय निघालं ते येऊन सांगीन.

तहरीमचे अब्बा, चांदसाहेब, मिरजेत सतारी बनवत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, कानस फिरवून ते जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढायला बसले की लहानपणी ती शेजारी बसून बघे. जरासं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं. परत जरासं. सूर मोकळा होईपर्यंत घासायचं, पण एक हात जास्त फिरला की सूर मरतो, मग ती घोडी फेकूनच द्यावी लागते. आता अब्बांना ऐकू कमी येई. अम्मी, मेहरुनबी, जाऊन तीन वर्षं झाली होती. फोनवर बापलेकीचं बोलणंही घासत घासत एवढुसं उरलं होतं. खाना हुआ? ते विचारत. हो म्हटलेलं त्यांना ऐकू आलं की नाही, हे तिला कधी कळत नसे. फोन ठेवला जाई.

त्या चौसष्टांपैकी एक चंद्राबाई.

बाभुळटेकच्या ओढ्यापल्याड एकच घर, ते तिचं. वय एकाहत्तर. मालक जाऊन नऊ वर्षं झालेली, लेक मल्हार घणसोलीत माथाडीच्या कामाला. तहरीम पहिल्यांदा गेली तेव्हा म्हातारी शेळीचं दूध काढत होती आणि धारेच्या तालावर आपल्याशीच म्हणत होती:

सातजणी माझ्या दारी, सातींचे सात सूर
एकीचं बी गाव न्हाई मुंबईइतकं दूर

तहरीमनं प्रश्न विचारला. काल कुणाकुणाशी बोललात, आजी? चंद्राबाईनं दूध बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि बोटांवर मोजत एकेक नाव सांगितलं. करडू धरून सात शेळ्यांची सात नावं. मग भिंतीवरच्या तसबिरीकडं हनुवटी करून म्हणाली, हे आठवे. आणि नववी फोनातली बाई. कोण फोनातली, असं तहरीमनं विचारलं तेव्हा तिनं समजावून सांगितलं. मल्हारला फोन लावला की एक बाई बोलते, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता म्हणून. लय शांत सोभाव हाय तिचा, चंद्राबाई म्हणाली. कवा बी लावा, कावत न्हाई.

तहरीमनं नऊच्या नऊ लिहून घेतली. निघताना म्हातारीनं विचारलं, ह्याचं पुढं काय करणार. पाण्याचं विचारायला माणसं आली होती, टॉवरचं विचारायला आली होती, डोकी मोजायला आली होती. विचारून गेलेलं कुणी सांगायला परत आलं नव्हतं. तहरीम म्हणाली, मी येईन. तुमचं पहिल्यांदा तुम्हाला सांगीन.

पण कागदाचे कायदे वेगळे. रेश्मा मॅडमनी सांगलीत पहिला मसुदा वाचला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. बोलणं धरायचं तर समोर जिवंत माणूस पाहिजे आणि त्यानं उलट बोलायला पाहिजे, एवढी तरी व्याख्या ठेव, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर उद्या कुणी तुळशीशी बोलते म्हणेल, ते कुठल्या रकान्यात घालशील? त्यांचं चुकत नव्हतं. तहरीमनं शेळ्या काढल्या, कुत्री काढली, एकीचा बैल काढला. वारलेली माणसं काढली, फोनमधला आवाज काढला. सगळ्या गावाची सरासरी साडेतीन आली. आणि ओढ्यापल्याडच्या घरापुढं नुसतं शून्य उरलं.

साताऱ्याला वीरधवल साहेबांचं बोट नेमकं त्या शून्यावर थांबलं. ते म्हणाले, हेच पहिल्या ओळीत घ्या. बैठकीत तीस कागद असतात, टक्केवारीनं कुणी मान वर करत नाही. त्यांनी स्वतःच पेन घेऊन ओळ लिहिली: "बाभुळटेक येथील वस्तीवर एकट्या राहणाऱ्या ७१ वर्षांच्या वृद्धेने काल दिवसभरात एकाही माणसाशी न बोलल्याचे सांगितले." नाव नव्हतं. पण पान पंचायतीच्या फळ्यावर लागणार होतं आणि गावाच्या ग्रुपवरही जाणार होतं, म्हणजे दुपारपर्यंत घणसोलीतही. बाभुळटेकला वस्तीवर एकटी राहणारी एकाहत्तर वर्षांची बाई किती असणार?

बैठक सोमवारी होती. गुरुवारी सकाळी तहरीम दहिवडीच्या गाडीत बसली. पुढं वडापच्या जीपमधून बाभुळटेकच्या फाट्यावर उतरली आणि चालत ओढा ओलांडला. ओढ्यात पाणी नव्हतंच, गोटेच होते.

चंद्राबाईनं शेळीच्या दुधाचा चहा केला. कप तिच्याकडं एकच होता, तो पाहुणीला दिला आणि स्वतः वाटीत घेतला. शेळ्या दाराशी येऊन हुंगून गेल्या. तहरीमनं कागद काढला आणि वीरधवल साहेबांची ओळ वाचून दाखवली. वाचताना तिच्या ध्यानात आलं, की साताऱ्यात जड वाटणारी ही ओळ इथं, ज्या घरातली ती आहे त्या घरात, अगदी परकी वाटतेय. पत्ता चुकून आलेल्या पत्रासारखी.

म्हातारीनं वाटी खाली ठेवली.

"म्या नऊ सांगितली हुती," ती म्हणाली.

तहरीमनं व्याख्या समजावायचा प्रयत्न केला. जिवंत माणूस, उलट बोलणारं, आणि तसं कुणी नसलं की शून्य. चंद्राबाईनं ऐकून घेतलं. शेळी उलट बोलत नाही असं म्हणणारं माणूस शेळी कधी पाळत नसणार, एवढंच ती म्हणाली आणि तेही रागानं नाही. मग वाटीतला चहा संपवून तिनं निवाडा दिला.

"साताऱ्यात सांग, बाय. सांगलीत लिव्ह. तितं मला कोन वळकतंय. पर हितं नको वाचूस. हितं बाया म्हणतील, मल्ल्यानं आईला टाकली. त्यानं टाकली न्हाई. त्येला येळ न्हाई."

फळ्यावर लागणाऱ्या कागदात गावाचं नाव येणार नाही, असं करते, तहरीम म्हणाली. आणि उद्या शाळेत बायकांना सांगताना तुमचं सांगणार नाही. शब्द दिला.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर बायका जमल्या. तहरीम रात्री शाळेच्या बाईंकडंच राहिली होती. या मंडळींना सरासरी, टक्के, आलेख काही कामाचं नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं ओसरीच्या फरशीवर खडूनं गाव काढलं. देऊळ, आड, वरची आळी, खालची आळी, धनगरवाडा. आणि एकेका बाईमागं चिंचोक्यांची एकेक ढिगली मांडली. जेवढी माणसं, तेवढे चिंचोके. नाव कुणाच्याच ढिगलीवर नव्हतं, आळीतला क्रमही मुद्दाम मोडला होता. खडू ओढ्यापाशी आला तेव्हा तिनं ओढ्याची रेघ मारली आणि तिथंच थांबली. ओढ्यापल्याड घर एकच. ते काढलं असतं तर ढिगली कुणाची, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

सुरुवात छान झाली. सगळ्या मिळून माणशी साडेतीन माणसं येतात असं ती म्हणाली, तेव्हा खालच्या आळीची बनुबाई पुढं सरकली. बनुबाई म्हणजे गावाचं तोंड. तिनं विचारलं, हे अर्धं माणूस कोण गं? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकलं. "माझी सून आसंल. धड हितं आन् जीव म्हायेरी."

ओसरी हसली. सून तिथंच बसली होती, तीही हसली. मग झुंबड उडाली. ही माझी ढिगली, ही माझी. तहरीमनं मोडलेला क्रम बायकांनी पाच मिनिटांत परत लावला, कारण कोण किती बोलतं हे या बायकांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एकीनं सात चिंचोके बघून शेजारणीला टोमणा मारला, की सातातली पाच भांडणंच आसतील. दुसरीनं आपला बैल का काढला म्हणून तक्रार केली. तहरीमला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचं काम हसत होतं.

पण लग्नात आहेर पुकारताना एखादं नाव राहिलं तर मांडवातल्या सगळ्या बायकांना ते त्याच घटकेला कळतं. बोलायचं ते नंतर, पण कळतं लगेच. बनुबाईची नजर वरच्या आळीवरून खाली आली, देवळाला वळसा घालून ओढ्यापाशी आली आणि थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, "ओढ्यापल्याड गाव संपलं व्हय?"

कुणी हसलं नाही. सगळ्या माना मागं वळल्या. मागच्या खांबाला टेकून चंद्राबाई बसली होती.

तहरीमचे हात खडूनं पांढरे झाले होते, ते तिनं ओढणीला पुसले. जागा पुरली नाही, असं काहीतरी ती पुटपुटली. पण ओढ्याच्या रेघेपुढं हातभर फरशी मोकळी पडली होती, सगळ्यांना दिसत होती. ती ओळ वाचली असती तर एखादवेळी गप्पांत बुडून गेली असती. न वाचलेली आता मात्र ओसरीभर ऐकू येत होती.

चंद्राबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. बायकांमधून वाट काढत ती पुढं आली. तहरीमजवळच्या पिशवीत उरलेले चिंचोके होते, त्यात तिनं हात घातला. मग ओढ्याच्या खडूच्या रेघेपाशी आली आणि रेघ ओलांडताना तिनं लुगडं जरा वर धरलं, पाण्यातून जाताना धरतात तसं. मोकळ्या फरशीवर उकिडवी बसली आणि एकेक चिंचोका ठेवू लागली.

"ही ढवळी. ही काजळी. ही चांदी. बांडी. मोरी. ठेंगणी. ह्ये ठेंगणीचं करडू."

दोघीतिघी हसल्या. हसणं चांगलं होतं, ओळखीचं. चंद्राबाईही जरा हसली. मग आठवा चिंचोका तिनं हातात धरला.

"ह्ये ह्यांचं."

नाव तिनं घेतलं नाही, नऊ वर्षं झाली तरी. नववा चिंचोका तिनं बाकीच्यांपासून चार बोटं लांब ठेवला.

"आन् ही फोनातली बाई."

बनुबाईनं विचारलं, कुठली बाई. विचारताना तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"मल्हारला लावला की बोलती ती. म्या म्हणते, बरं बाई, सांग त्येला, आईचा फोन हुता. सांगती का न्हाई काय म्हाईत." चंद्राबाई उठायला लागली. "नऊ हायती माझी. शून्य न्हाई."

शून्य हा शब्द ओसरीवर तोवर कुणीच उच्चारला नव्हता. तो तिनंच आणला आणि तिनंच पुसला.

आता बायका काय म्हणतील म्हणून तहरीम खाली बघत राहिली. मल्ल्यानं आईला टाकली, हे आता कोण बोलून दाखवतं. पण तसं कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं तिला चिंचोका फरशीवर टेकल्याचा बारीक आवाज आला. वर बघितलं तर बनुबाई आपल्या ढिगलीपाशी वाकली होती. तिच्या ढिगलीत पाच होते, आता सहा झाले. सहावा तिनं चार बोटं लांब ठेवला होता.

"माझी बी ती एक राहिलीती," ती म्हणाली. "मला वाटलं, ती धरत न्हाईत."

मग धनगरवाड्यातली एक उठली. मग वरच्या आळीतली, जिचे दोन लेक दोन दिशांना होते. पिशवी हातोहात फिरली. सगळ्याजणी नाही उठल्या, पण पंधरा-सोळा उठल्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. प्रत्येक ढिगलीपासून चार बोटांवर एकेक चिंचोका ठेवला गेला, आणि खडूच्या त्या गावात एकच बाई इतक्या घरांत राहते हे पहिल्यांदा दिसलं. दोन वर्षं तहरीम त्या घरांत गेली होती, चौसष्ट कागद भरले होते. ही बाई तिच्या कागदात एकाच ठिकाणी आली होती आणि तिथूनही तिनंच तिला हाकलली होती.

शेरडांची घरी यायची वेळ झाली तशा बायका उठल्या. कुणी काही समारोप केला नाही. बनुबाई जाताना चंद्राबाईला म्हणाली, ये की गं कवातरी खाली. चंद्राबाई म्हणाली, येती की. दोघींनाही ठाऊक होतं की शेरडं सोडून येणं होत नाही, आणि गुडघे ओढा चढू देत नाहीत.

तहरीमनं ओढ्यापर्यंत सोबत केली. माझं चुकलं, असं ती म्हणाली. चंद्राबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोट्यांवरून पाय सांभाळत ती पल्याड गेली आणि तिथून वळून म्हणाली:

"आज धा झाली. तुला धरून."

शनिवारी तहरीमनं खोलीत बसून पान नव्यानं लिहिलं. रेश्मा मॅडमना फोन केला, चिंचोक्यांचं सगळं सांगितलं. त्या खूप वेळ ऐकत होत्या. तक्त्यात शून्य ते शून्यच राहील, त्या म्हणाल्या, व्याख्या मधेच बदलता येत नाही. पण हे शेवटचं तू नवा शोध म्हणून वेगळं लिही, आणि परत जाऊन नीट विचारून ये. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तू बरी आहेस ना? तहरीम हो म्हणाली.

साताऱ्याच्या पानावर आता गावाचं नाव नव्हतं, ते साहेब बैठकीत तोंडी सांगणार होते, आणि एकाहत्तरही नव्हतं. पहिली ओळ अशी होती: "या गावातल्या अनेक बायका रोज अशा आवाजाशी बोलतात जो त्यांना सांगतो की तुमचं माणूस आत्ता भेटणार नाही, आणि त्यांना तो आवाज शांत स्वभावाचा वाटतो." खाली एका वस्तीवरच्या नऊ जणांची यादी होती, करडासकट.

वीरधवल साहेबांचा रविवारी सकाळीच फोन आला. हे काय, शेळ्या? बैठकीत लोक हसतील. शून्य किती स्वच्छ होतं. तहरीम म्हणाली, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं, सर. शून्य मी केलं होतं. त्यांनी सांगितलं ते हे. पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"ठेवा," ते म्हणाले. "पण गावाला फेरीची बाई मिळेल का नाही, ते मी सांगू शकत नाही."

हे चंद्राबाईला सांगायला हवं होतं. तुमचं पहिल्यांदा तुम्हाला, असं कबूल केलं होतं. दुपारी शेरडं टेकाडावर नेली की तिथं फोनला जरा रेंज येते, म्हातारीनंच सांगितलं होतं. तहरीम दुपार होईपर्यंत थांबली. तोवर अब्बांचा फोन येऊन गेला. खाना हुआ? हुआ, अब्बा, ती म्हणाली, दोनदा, मोठ्यानं. बोळात कुणीतरी वळून बघितलं.

मग तिनं चंद्राबाईचा नंबर लावला. एक क्षण काहीच नाही. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, रिकाम्या कागदांवर. मग आवाज आला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

एरवी ती एवढं ऐकून फोन ठेवत असे. आज तिनं कानापासून काढला नाही. बाईनं सगळं मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तीन भाषांत तेच, घाई नाही, कावणं नाही. तिचं सांगून होईपर्यंत तहरीम थांबली.

"बरं बाई," ती म्हणाली. "त्यांना सांगा, नऊच लिहिलंय."